हक्कसोड

आमच्या वडिलोपार्जित घराला कुलूप लागलेले आम्ही प्रथम पाहिले ते २०१८ च्या जुलै महिन्यात. त्याआधी घरात कुलूप नव्हते असे नाही. माजघराच्या कोनाड्यात एक जाडजूड पितळी कुलूप कित्येक वर्षे पडून होते. परंतु त्याची किल्ली कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि ती शोधण्याची वेळही कधी आली नव्हती. पवित्र गुरुवारी संध्याकाळी सारे घर ख्रिस्तमंदिरात जाई, तेव्हा शेजारच्या काकू कापसाच्या वाती वळण्याची परडी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसत. आम्ही परतेपर्यंत त्या तेथून हलत नसत. गणपतीच्या विसर्जनाला त्यांचे घर बाहेर पडले की आमची आई हातात जपमाळ घेऊन त्यांच्या ओट्यावर बसे. कोणी कोणाला सांगत नसे, की ‘जरा लक्ष ठेवा.’ ते सांगण्याची गोष्ट नव्हती.

हे घर वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका आळीत, स्टेशनपासून सायकलने वीस मिनिटांच्या अंतरावर होते. आजोबांनी ते बांधले. आढ्यावर १९३१ हा आकडा कोरलेला होता. चुलीच्या धुराने तो इतका काळा झाला होता की बोटाने चाचपूनच वाचावा लागे. छपरावर मंगळुरी कौले होती. अशी कौले भाजण्याचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. म्हणजे आमच्या कट्टर कॅथलिक घराच्या डोक्यावर प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या विद्येचे छप्पर होते. गोरेगावच्या सेमिनरीत असताना आम्हांस हे कळले, तेव्हा सुटीत घरी येऊन आम्ही ते वडिलांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “गळत नाहीत ना? मग झालं.”

पुढे ओटा, मग पडवी, मग माजघर. माजघराच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली छोटासा आल्तार. मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी. संडास परसात, फणसाच्या पलीकडे, पन्नासएक पावलांवर. या पन्नास पावलांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. जुन्या घरांविषयी लिहिताना आम्ही लेखक मंडळी ओट्याचे आणि फणसाचे वर्णन करतो, आणि ही पावले मोजायची विसरतो. ती पुढे आमच्या आईने आम्हांस मोजायला लावली.

घरात सर्वांत महत्त्वाचा भाग ओटाच होता, आणि खरे सांगायचे तर तो घराचा नव्हताच, आळीचा होता. वाडीतून परतलेले वडील संध्याकाळी तेथे पाय धुऊन बसत. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ‘कुठे निघालास?’ असा प्रश्न ठरलेला आणि त्याला उत्तर देणे बंधनकारक. कोणाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, कोणाची म्हैस आटली, कोणाचा मुलगा कामावरून दोन दिवस घरी बसला आहे, हे सारे ओट्यावर कळे. साताला ख्रिस्तमंदिराची घंटा झाली की वडील डोक्यावरची टोपी काढून उभे राहत. रस्त्यावरचेही थबकत. आंजेलुसची प्रार्थना संपली की अर्धवट राहिलेले वाक्य जेथे थांबले होते तेथूनच पुढे सुरू होई.

आळी म्हणजे काही स्वर्ग नव्हता. आमच्या एका चुलत्यांचे आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे दीड हात बांधावरून भांडण होते. अकरा वर्षे ते एकमेकांशी बोलले नाहीत. दोघेही दर रविवारी पहिल्या मिस्साला येत, एकाच बाजूच्या बाकांवर बसत, आणि शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की विरुद्ध दिशेला वळत. कोणाची मुलगी परजातीत गेली तर आळी महिनोन् महिने त्या घराच्या ओट्याकडे पाहत नसे. जे डोळे आमच्या घराची राखण करीत, तेच डोळे कोणाच्या घरी रात्री किती वाजता दिवा मालवला याचाही हिशेब ठेवीत. आमच्या बहिणीला बारावीनंतर मुंबईला शिकायला जायचे होते. वडिलांची हरकत नव्हती. ‘लोक काय म्हणतील’ यापुढे त्यांचे चालले नाही. बहीण हे आजही विसरलेली नाही, आणि तिने विसरावे असे आम्हांसही वाटत नाही.

विहिरीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. ती आमच्या परसात होती, पण तिच्यात तीन घरांचा हक्क होता: आमचा, चुलत्यांचा आणि शेजारच्या काकूंचा. पूर्वी रहाट होता, मग डिझेलचे इंजिन आले, नंतर विजेचा पंप. पाणी घेण्याचे वार ठरलेले. आमचे सोमवार आणि गुरुवार. त्या दिवशी पहाटेपासून पाटांतून पाणी खेळू लागे आणि वडील हातात कुदळ घेऊन एक बारे मोडीत, दुसरे बांधीत वाडीभर फिरत. राजेळी आणि वेलची केळी, पानवेलीचे मांडव, कडेला मोगरा, मध्ये वांगी आणि वाल. केळीचे घड, पाने आणि फुले पहाटेच्या लोकलने दादरला जात. लग्न कोणत्याही घरचे असो, आदल्या संध्याकाळी वाजतगाजत पाणी आणायला बायका याच विहिरीवर येत. वाडीच्या खालच्या अंगाला बावखल होते. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि उन्हाळ्यात विहिरीला पुरे. बावखल कोणी आणि केव्हा खणले हे कोणास ठाऊक नव्हते. ते आहे म्हणून विहीर आहे, एवढे मात्र मुलांनाही ठाऊक होते.

वसईला लोक आता मुंबईचे उपनगर म्हणतात. या शब्दाचा आम्हांस उगीचच राग येतो. मुंबई ही विखुरलेली बेटे होती तेव्हा वसई हे तटबंदीचे शहर होते आणि पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील प्रदेशाचा कारभार तेथून चाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, शहर ओस पडले, आणि उरली ती आमची खेडी. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. तेव्हापासून आमची केळी मुंबईला जाऊ लागली, पुढे आमची माणसे जाऊ लागली, आणि शेवटी मुंबईच आमच्याकडे आली. हा सारा इतिहास चार वाक्यांत मावतो. त्यातले शेवटचे वाक्य घडायला मात्र आमचे अख्खे तारुण्य लागले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरितपट्टा बांधकामास खुला करण्याचा निर्णय झाला आणि १९९० साली या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले. टँकर रात्रंदिवस विहिरी उपसून पाणी विकू लागले. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे उपसले की खालचे खारे वर येते. आमच्या विहिरीचे पाणी आधी मचूळ लागू लागले, मग पानवेलींची पाने कडेने करपू लागली. हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या अग्रभागी होते. आम्ही तेव्हा सेमिनरीचे विद्यार्थी. सुटीत घरी आलो की मोर्चांना जात असू, आणि त्या दिवसांतला उत्साह आठवला की आजही छाती भरून येते. १९९६ साली आमची गुरुदीक्षा झाली. दोन वर्षांनी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आम्ही ज्या ज्या धर्मग्रामात गेलो तेथे प्रवचनांतून सांगत आलो, की बाबांनो, जमिनी विकू नका. जमीन गेली की माणूस आपल्याच गावात परका होतो. सांगताना आम्ही आमच्या घराचे उदाहरण देत असू. एकदा एका अंकात आम्ही त्या घरावर लेखही लिहिला. कौले, ओटा, फणस, सारे काही त्यात होते. पुष्कळांची पत्रे आली.

गुरुदीक्षेनंतर एक गोष्ट घडली, ती वाचकांच्या घरांतूनही घडली असेल. ज्या आईने आम्हांस लहानपणीच्या एका हास्यास्पद नावाने हाक मारली, तीच आम्हांस ‘फादर, तुम्ही जेवलात का?’ असे विचारू लागली. आमच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले दादाही ‘फादर’ आणि ‘तुम्ही’ म्हणू लागले. सुरुवातीला आम्हांस संकोच वाटे. मग सवय झाली. मग, हे कबूल केलेच पाहिजे, ते बरे वाटू लागले.

वडील २०११ साली गेले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून येथे लिहितो: ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे विधवा पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना समान; त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. धर्मप्रांतीय धर्मगुरूही वारस असतो, कारण संन्यस्त संघातील बंधूंप्रमाणे आम्ही दारिद्र्याचे व्रत घेतलेले नसते. फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर आईखाली तीन नावे चढली. तलाठ्याकडून उतारा आला तेव्हा त्यात आमचे नाव पाहून आम्हांस गंमत वाटली. जे घर आम्ही अठराव्या वर्षी सोडले, त्याचे आम्ही मालक!

२०१६ च्या नाताळानंतर दादा आमच्या धर्मग्रामात भेटायला आले. बरोबर कागद होते. वाडी तोवर संपलीच होती. विहिरीच्या पाण्यावर आता अळूखेरीज काही तग धरीत नव्हते. चुलत्यांची जागा आणि आमची जागा मिळून एक विकासक चार मजली इमारत बांधू पाहत होता. मालकांना काही सदनिका आणि बांधकाम होईपर्यंतचे भाडे मिळणार होते. करारावर सर्व वारसांच्या सह्या हव्या होत्या. आई तयार होती, बहिणीला कोणी विचारलेच नव्हते, आणि दादांना वाटत होते की आमची सही ही केवळ एक औपचारिकता आहे.

आम्ही नकार दिला. शांतपणे, प्रेमाने आणि पुष्कळशा अवतरणांसह नकार दिला. आजोबांचे श्रम, आढ्यावरचा आकडा, विहिरीवरचा तीन घरांचा हक्क यांविषयी आम्ही बोललो. लोक काय म्हणतील, की फादर आम्हांला जमिनी विकू नका म्हणतात आणि स्वतःचे घर बिल्डरला देतात, हेही आम्ही बोललो. तेच खरे कारण होते हे आज लिहिताना कळते. आळीच्या ज्या धाकाने आमच्या बहिणीचे शिक्षण थांबले होते, त्याच धाकाने आम्ही सही नाकारीत होतो.

दादा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आम्हांस आमच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. वीस वर्षांत प्रथमच.

“तुझा तो लेख मी कापून ठेवलाय,” ते म्हणाले. “छान लिहिलायस. पण मे महिन्यात घर शाकारायला तू येतोस का? पूर्वी जव्हारकडची माणसं यायची, आता ती येत नाहीत. मागच्या वर्षी मी स्वतः चढलो, चोपन्नाव्या वर्षी. वासे आतून पोकळ झालेत, पाय ठेवायची भीती वाटते. आई रात्री दोनदा उठते. तुझी वहिनी विजेरी घेऊन तिच्याबरोबर परसात जाते, पावसात छत्री धरून. तुला चर्चने घर दिलंय. त्याला टाईल्स आहेत. आम्हाला तू लेखात राहायला सांगतोस.”

आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. दिलेच असेल काहीतरी. आम्हांस गप्प बसण्याची सवय नाही. सही मात्र दिली नाही. दादा कागद पिशवीत घालून निघून गेले. पुढे दीड वर्ष ते भेटले की ‘फादर’ म्हणत, ‘तुम्ही’ म्हणत, आणि त्या आदराला आता धार होती.

२०१८ च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वसईत जे पाणी भरले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. लोकल बंद, वीज बंद, रस्त्यांवर होड्या. पाणी पूर्वीही येई. पण ते बावखलांत, मिठागरांत, खाजणांत पसरायला जात असे. आता त्या जागांवर भराव पडले होते. आमचे बावखलही त्याआधी काही वर्षे शेजारच्या एका इमारतीच्या राडारोड्याने बुजले होते, आणि ते बुजत असताना आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात निसर्गावर प्रवचन करीत होतो. आमच्या घरात गुडघ्यापर्यंत पाणी चढले. आईला खाटेसकट उचलून टेबलावर ठेवले. दुसऱ्या रात्री स्वयंपाकघराची मागची भिंत भिजून कोसळली. ती परसाकडे पडली. घराच्या आत पडली असती तर वहिनी त्याच बाजूला चुलीवरचे डबे उचलीत होत्या.

आम्ही पोहोचलो ते तिसऱ्या दिवशी. आळीत चिखल आणि ओल्या धान्याचा वास. आमचे सर्वजण स्टेशनजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या जागेत गेले होते. घराच्या दाराला नवे, चकचकीत कुलूप होते. शेजारच्या काकू तोवर राहिल्या नव्हत्या, त्यांचा मुलगा म्हणाला, “फादर, किल्ली दादाकडे आहे.” आम्ही ओट्यावर बसलो. रस्त्याने तीन-चार माणसे गेली. त्यांतले कोणी आम्हांस ‘कुठे निघालास’ असे विचारण्यासारखे नव्हते, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

त्या भाड्याच्या जागेत आईला भेटायला जाताना आम्ही मनाची पुष्कळ तयारी केली होती. जुने झाड उपटून कुंडीत लावल्यासारखी तिची अवस्था झाली असेल, अशी उपमाही तयार होती. आई खुर्चीत बसली होती आणि तिचा चेहरा स्वच्छ, झोप झालेल्या माणसाचा होता.

“इथे बरं आहे हो, फादर,” ती म्हणाली. “संडास खोलीला लागून आहे. रात्री कोणाला उठवावं लागत नाही.”

एवढेच. आमच्या उपमेचे काय करावे ते आम्हांस कळेना. मग तिने एक गोष्ट विचारली: “खालून कोण जातं ते दिसत नाही इथून. तू येताना आळीत कोण कोण भेटलं?” ती नकळत ‘तू’ म्हणाली. आम्ही एकेक नाव सांगत गेलो. तिला घर नको होते. तिला रस्ता हवा होता.

नोव्हेंबरात ती गेली. वय चौऱ्याऐंशी, आजार फारसा नाही. अंत्यविधीला आळी सारी आली होती. पण तिच्या अखेरच्या चार महिन्यांत दोन मजले चढून तिला भेटायला येणे आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना जमले नाही, कारण त्या इमारतीची लिफ्ट बहुधा बंद असे. आम्ही २०१६ लाच सही केली असती तर ती आळीतच, स्वतःच्या कोरड्या घरात, तळाच्या मजल्यावर गेली असती का? इमारत तोवर उभी राहिली असती का? हा हिशेब आम्ही पुष्कळदा मांडला आहे. तो कधी सुटतो, कधी सुटत नाही. पापनिवेदनात आम्ही तो एका वृद्ध धर्मगुरूंपुढे मांडला. त्यांनी सांत्वन केले नाही. “सही कर आणि भावाकडे जेवायला जा,” असे प्रायश्चित्त दिले.

आईनंतर कायद्याने आम्हां तिघांचा एकेक तृतीयांश झाला. या वेळी बहिणीला आम्हीच विचारले. आपल्याकडे बहिणी सही देतात आणि साडी घेतात. नाही म्हटले तर माहेर तुटते. बहीण म्हणाली, “मला साडी नको. मला एक खोली हवी. कुलूप लावायला. माझं म्हणायला.” दादांना ते रुचले नाही. ‘आईचं तेव्हा आम्ही केलं,’ हे त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. आम्ही आमचा हिस्सा दोन भागांत सोडायचे ठरविले: अर्धा दादांना, अर्धा बहिणीला. दादा म्हणाले, ‘फादर, तुम्ही पुन्हा प्रवचनच केलंत,’ आणि काही आठवडे बोलले नाहीत. मग एके दिवशी वहिनींचा फोन आला, की ‘ते तयार आहेत, पण तुम्हाला सांगणार नाहीत, तुम्ही तारीख घ्या.’

२०१९ च्या फेब्रुवारीत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्राची नोंदणी झाली. आयुष्यात लग्नाच्या नोंदवहीत आम्ही शेकडो सह्या केल्या असतील. त्या वेळी आपला हात थरथरेल असे कधी वाटले नव्हते. अंगठ्याचा ठसा यंत्राला दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा कारकून म्हणाला, “फादर, जरा जोर द्या.” बाहेर आल्यावर दादांनी उसाचा रस पाजला. पैसे बहिणीने दिले.

करारात आम्ही एकच अट घालायला लावली, आणि तिला दादांनीच जास्त जोर लावला: विहीर बुजवायची नाही. विकासकाने ती मान्य केली, बहुधा पंप बसवायला सोय म्हणून. विहीर आहे. तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब आणि लोखंडी झाकण आहे, आणि त्यावर एक स्कूटर उभी असते. आळीच्या तोंडावरचा क्रूसही आहे. रेतीच्या ट्रकला वळायला जागा हवी म्हणून तो तीन फूट मागे घ्यावा असे सुचविले गेले होते. तेव्हा ज्या दोन घरांत दीड हात बांधासाठी अकरा वर्षे अबोला होता, त्या घरांची पुढची पिढी क्रुसापुढे शेजारी शेजारी येऊन उभी राहिली. ट्रक मागे गेला. आढ्याचे लाकूड दादांनी ठेवून घेतले. आकडा असलेला तुकडा बहिणीच्या खोलीत आहे. तिच्या दाराला कुलूप आहे आणि ते उघडताना तिला होणारा आनंद आम्ही पाहिला आहे.

टाळेबंदीमुळे काम रखडले. इमारत २०२२ साली पूर्ण झाली. सोळा सदनिका. दारांवरच्या पाट्या वाचीत जिना चढलो तर अर्धा भारत होतो. दादा पहिल्या मजल्यावर राहतात, पण संध्याकाळी ते घरात सापडत नाहीत. ते खाली, गाड्या लावण्याच्या जागेत, दोन खांबांमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसतात. रखवालदाराला आधी वाटले की ते त्याच्या कामावर लक्ष ठेवतात. आता तोही जवळ स्टूल घेऊन बसतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला दादा विचारतात, “कुठे निघालास?” पुष्कळजण कानांतली यंत्रे काढून ‘काय?’ म्हणतात. काहीजण उत्तर देतात.

गेल्या मे महिन्यात क्रुसापाशी लितानीला आम्ही गेलो होतो. प्रार्थना सुरू होताच वळवाचा पाऊस आला. पूर्वी अशा वेळी सारे आमच्या ओट्यावर आणि पडवीत दाटीवाटीने चढत. या वेळी लोक धावले ते इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. कोणीतरी गाडी पुढे घेतली, कोणीतरी स्कूटर विहिरीच्या झाकणावरून हलविली, आणि उरलेली लितानी तेथेच झाली. पंपाच्या घरघरीत उत्तरे नीट ऐकू येत नव्हती. शेवटी वहिनींनी परंपरेप्रमाणे उकडलेले चणे वाटले. ते कमी पडले, कारण वरच्या मजल्यांवरची मुले आवाज ऐकून खाली आली होती आणि त्यांनी रांग लावली होती.

आम्ही निघण्याच्या तयारीत असताना तिसऱ्या मजल्यावरची एक तरुण गृहिणी, उत्तरेकडची, ख्रिस्ती नव्हे, वहिनींजवळ आली. मुलाच्या ओंजळीतले चणे पाहत तिने मोडक्या मराठीत विचारले, की पुढच्या वर्षी हे करायला ती मदत करू शकेल काय, आणि किती करावे लागतात.

वहिनींनी तिला क्षणभर निरखून पाहिले. मग म्हणाल्या, “पाच किलो धर आता. आणि रात्रीच भिजत घाल. सकाळी भिजवलेले शिजत नाहीत.”